साखळीची किल्ली

होळीच्या आधीचे दिवस होते. मलकापूरहून बुलडाण्याला येणारी एस.टी. सैलानीच्या यात्रेकरूंनी खच्चून भरलेली. मोताळा मागे पडले, राजूर घाट लागला. आमच्या पुढच्या बाकावर विशी-बाविशीचा एक मुलगा, एका बाजूला त्याची अम्मी, दुसऱ्या बाजूला थोरला भाऊ. मुलाच्या पायात साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली अम्मीच्या ओढणीच्या गाठीत. आम्ही पाहतो आहोत हे लक्षात आल्यावर ती आपणहून म्हणाली, "छोड़ दिया तो कुएँ की तरफ भागता, भाईसाब." आम्ही तिला पाणी विचारले. मुलाला विचारले नाही.

पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा मनोरुग्णांच्या नातेवाइकांना दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. हिंदू येतात, मुसलमान येतात. दुवा मागण्याबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. बोलायचे आहे ते घरून पायात घालून आणलेल्या साखळीबद्दल.

दिवाणी कायद्यात 'अपकृत्य' नावाचा एक प्रांत आहे. आपल्याकडे त्याची एकत्र संहिता नाही. इंग्रजी निकालांतून तो आला आणि आपल्या न्यायालयांनी वाढवला. कोणाच्या अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध हात घालणे, त्याला कोंडून ठेवणे ही त्यातली हेतुपुरस्सर अपकृत्ये. 'हेतुपुरस्सर' या शब्दाने आमची फसगत होते. हेतू म्हणजे वाईट नियत, असे आम्ही धरून चालतो. कायदा तेवढे खोल जात नाही. साखळी चुकून अडकली नाही, कोणी तरी ती बांधली, एवढे त्याला पुरते. मायेने बांधली की रागाने, हा पुढचा प्रश्न. मुलाला कुठे काय कळते, असेही म्हणून चालत नाही. झोपलेला, बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट माणूसही कैदेत असू शकतो, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती अॅटकिन यांनी १९१९ सालीच सांगून ठेवले आहे.

अमल नियतवर तोलला जातो, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ते खरेच आहे. पण ज्या उस्तादांनी ते शिकवले त्यांनीच हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद यांतला फरकही शिकवला होता. बंद्याचा हक मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागायची. त्या अम्मीची नियत अल्लाह जाणतो. साखळीचा हिशेब मात्र मुलाशी आहे.

आता बचावाकडे येऊ. पहिला बचाव संमतीचा. घरच्यांनी दिलेली संमती ही रुग्णाचीच, असे आपण सर्रास मानतो. दिल्लीच्या एका खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय डॉक्टरांनी काढले. बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ही परवानगी मानली नाही. बाई सज्ञान होती, जिवावरचा प्रसंग नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. न्यायालयाने डॉक्टरांची फी नामंजूर केली आणि पंचवीस हजारांची भरपाई दिली.

दुसरा बचाव निकडीचा. इथे आम्ही अडतो. विहिरीकडे धावणाऱ्या पोराला आईने धरू नये, असे कोणता कायदा म्हणेल? धरावेच. पण निकड धोक्यापुरती असते. विहीर मागे राहिली, घाट चढून झाला, तरी कुलूप तसेच, याला निकड म्हणत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा साखळीला कोणत्याही स्वरूपात मनाई करतो. शरीर जखडणे अगदी अटळ झाले तर ते मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतेच. कागदावर हे ठीक आहे. पण राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. बुलडाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. रात्री दोन वाजता ती अम्मी कोणत्या तज्ज्ञाला विचारणार? तिला गुन्हेगार म्हणायला आमची जीभ उचलत नाही. तामिळनाडूतल्या एरवाडीची आठवणही जात नाही. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी आसऱ्याला आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या माणसांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण गेले. त्यांनाही कोणी तरी बरे व्हावे म्हणूनच आणून ठेवले होते.

आणि दावा लावणार कोण? भ्रमिष्ट माणसाच्या वतीने दिवाणी न्यायालयात जो उभा राहतो, त्याला 'वादमित्र' म्हणतात. तो बहुधा घरचाच असतो. ज्याचे हित त्या माणसाच्या विरोधात आहे त्याला वादमित्र होता येत नाही, असेही दिवाणी प्रक्रिया संहिताच सांगते. म्हणजे किल्लीवाल्याला दावा लावता येत नाही आणि दुसरे कोणी येत नाही. हा दावा न्यायालयाच्या पायरीपर्यंतही पोचत नाही, तो यामुळे. गाडीत आम्ही साठेक माणसे होतो. त्यांतला एकही त्याचा वादमित्र नव्हता.

बुलडाणा स्टँडवर गाडी थांबली. मुलगा काहीतरी पुटपुटला. अम्मीने ओढणीची गाठ सोडायला घेतली. भावाने मान हलवली. तिने गाठ पुन्हा आवळली. आम्ही आमची पिशवी घेऊन खाली उतरलो.