कुंभाराचा बाप आणि चाकांचा दांडा

अहिल्यानगरच्या सावेडीतून नागापूरच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या मनमाड रस्त्याला वॉशिंग सेंटरांची वाण नाही. गाडी वरून धुणं सोपं असतं. खरी कसरत चेसिसखाली. रॅम्प नसेल तर ओल्या फरशीवर आडवं व्हायचं, गन वर धरायची आणि सुटलेला चिखल तोंडावर घ्यायचा. या व्यवसायातल्या माणसांनी त्यावर एक उपाय काढला आहे, आणि तो जगभर जवळपास सारखाच दिसतो. अर्ध्या इंची पाइपाचा आडवा तुकडा, त्याला दोन छोटी चाकं, वर तोंड केलेली चार नोझल आणि उभ्यानं ढकलता येईल असा लांब दांडा. हे अवजार बाजारात तयार मिळतं. तरी कित्येक जण भंगारातला पाइप आणतात, लेथवर आटे पाडून घेतात आणि स्वतःच्या उंचीला जमेल असं ते घरीच जोडतात.

ज्यानं हे बनवलं, त्याचा धुण्याच्या कामात नेमका वाटा किती? आणि त्यातून कुणाला इजा झाली तर दोष कुणाचा? प्रश्न गॅरेजमधला वाटतो, पण भारतीय तर्कशास्त्राने त्याच्या अगदी जवळ जाऊन विचार केलेला आहे.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, आवडतं उदाहरण मडक्याचं. मडकं घडण्यात कारण कोण? माती आहे, कुंभार आहे, चाक फिरवणारा दांडा आहे. पण मग दांड्याचा रंग? माती वाहून आणणारं गाढव? कुंभाराचा बाप? विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात अशांची वेगळी गणती केलेली आहे. हे सगळे ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे प्रसंगी हजर असले तरी मडक्याचं कारण न ठरणारे. बापाबद्दलचा युक्तिवाद तर फारच नेमका आहे. बाप कुंभाराला कारण झाला, तिथेच त्याचा हिशेब मिटला. मडक्याच्या खात्यावर त्याला पुन्हा मांडता येत नाही.

विकत घेतलेल्या यंत्राला हा न्याय सरळ लागू पडतो. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली गरम पाण्याचा उच्च दाबाचा क्लीनर तयार केला, पण आज सावेडीत धुतल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते कुंभाराच्या बापाच्या जागी आहेत. चाकांचा दांडा घरी जोडणाऱ्याची गोष्ट निराळी. तो अवजाराचा बापही आहे आणि ते हाती धरणारा कुंभारही. त्याला अन्यथासिद्ध म्हणून बाजूला काढता येत नाही. घरगुती अवजाराचं तात्त्विक मोल इथे आहे. पैशाची बचत ही त्या मानाने किरकोळ बाब.

हे मोल फुकट पदरात पडत नाही. चार नोझलांचंच बघा. पंप मिनिटाला ठरावीक पाणी फेकतो, घरगुती वॉशर साधारण ५ ते ८ लिटर. गनवर एक नोझल असताना १०० बार दाब मिळत असेल आणि त्याच मापाची चार नोझल दांड्यावर बसवली, तर भोकांचं एकूण क्षेत्रफळ चौपट होतं आणि दाब उतरतो सोळाव्या हिश्शावर, म्हणजे जेमतेम ६ बारवर. चिखल हलतसुद्धा नाही. पहिल्यांदा दांडा बनवणारा पंपालाच दोष देऊ लागतो. उपाय असा की प्रत्येक भोकाचा व्यास निम्मा ठेवायचा, मग चौघांचं क्षेत्रफळ मिळून पहिल्याएवढं भरतं. तसंच झिजण्याचं. नोझलचं भोक व्यासात नुसतं दहा टक्के मोठं झालं तरी दाब जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. विकतचं नोझल वापरणाऱ्याला एवढंच कळतं की हल्ली धार पूर्वीसारखी लागत नाही. स्वतः भोक पाडणाऱ्याला त्यामागचं कारणही ठाऊक असतं.

तयार नोझलांवर रंगांची खूण असते: लाल म्हणजे सरळ शून्य अंशाची सुई, पिवळं १५ अंशांचं, हिरवं २५चं, पांढरं ४०चं. धार रंगामुळे पसरत नाही, हे सांगायला नैयायिक नको. घरी पाडलेल्या भोकाला मात्र रंगच नसतो. तिथे कोन आणि अंतर बनवणाऱ्याच्या ध्यानात असतं, आणि दुसऱ्या माणसाला ते तोंडी सांगावं लागतं. ते सांगायचं राहून गेलं, तर अवजार अर्धवटच राहिलं म्हणायचं.

कर्मात अवजाराची जागा कोणती, याचा माग गीतेतही काढता येतो. सावेडीहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघालं की नेवासा फाटा लागतो. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शंकराचार्यांनी करण म्हणजे कान-डोळ्यांसारखी इंद्रियं असा अर्थ घेतला. लोखंडी अवजार त्यात बसत नाही. पण पाठीच्या दुखण्यावरून लांबी ठरलेला आणि मुठीच्या मापाने पकड बसवलेला दांडा इंद्रियांच्या फार लांबचा म्हणता येईल का? निदान अशा अवजाराला करणाच्या रांगेत उभं करावं, असं या लेखकाला मनापासून वाटतं.

त्या पाचांचा क्रम विसरू नये. दैव शेवटी येतं.

जोड सुटला, पाइप फाटला की लोक सहज म्हणून जातात, नशीब खोटं. पण शेतीच्या पीव्हीसी पाइपावर ४ किलो, ६ किलो असा दाबाचा शिक्का असतो. तो पाइप १०० बारच्या पंपाला जोडून नशिबावर बोट ठेवणं म्हणजे आधीच्या चार कारणांकडे डोळेझाक करणं. १०० बारला नोझलमधून पाणी सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने सुटतं. कातडी भेदायला तर ७ बारसुद्धा पुरे पडल्याची नोंद वैद्यकात आहे. आत शिरलेल्या धारेची जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आतली नासधूस तासा-तासाने वाढते. हळद दाबून कामाला लागायची ती जखम नाही, थेट इस्पितळ गाठायचं. म्हणून दाब झेलणारे भाग, म्हणजे होज, गन, जोड आणि रिलीफ व्हॉल्व्ह, कंपनीचे शिक्क्याचेच घ्यावेत आणि कल्पकता चाकं, दांडा, पकड, फेसाची टाकी यांवर चालवावी. मोटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी असायलाच हवा.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती दुखरी आहे. घाण काढण्याचं काम एका जातीवर लादलं, अवजार घडवण्याचं दुसऱ्या, विचार करण्याचं तिसऱ्या. परिणाम असा की आखूड झाडू, पत्रा आणि टोपली शतकानुशतकं बदलली नाहीत. ज्याची कंबर मोडत होती त्याला अवजारात बदल करायची मुभा नव्हती, आणि ज्याला मुभा होती त्याची कंबर दुखत नव्हती. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा चालवत आणि रात्री कीर्तन करत, तेव्हा या वाटणीवरच ते घाव घालत होते. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून अन्न सोडलं. ब्राह्मण कैद्याला ते काम द्यायला सरकार तयार नव्हतं. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला डोक्यावरून वाहावा लागू नये, त्याचं खत व्हावं अशा संडासाची रचना रुजवली. आधी काम अंगावर घेतलं आणि मग साधन बदललं, हा क्रम महत्त्वाचा आहे. चेसिसखाली उताणं पडलेल्या माणसाला चाकांचा दांडा सुचतो, तोही याच वाटेने.

मात्र वॉशिंग सेंटरात बनवणारा आणि वापरणारा नेहमी एकच असतो असं नाही. मालक दांडा जोडतो, दिवसभर तो ढकलतो पगारावरचा पोरगा. अशा वेळी बनवणाऱ्याला बापाच्या जागी सरकून मोकळं होता येणार नाही. गनचा चाप दिवसभर दाबून बोटं आखडतात, म्हणून पोरं चाप तारेने बांधून टाकतात. हातातून सुटलेली बांधलेली गन जमिनीवर वळवळत कुठेही वळते, पायावर, डोळ्यांवर. तार बांधली म्हणून पोराला रागावणं सोपं आहे. पण ती तार त्या पोराने केलेली दुरुस्तीच आहे, चुकीच्या जागी केलेली. बनवणाऱ्याने ती सोडावी, चापाची स्प्रिंग बघावी, पकड जाड करावी, आळीपाळीने माणूस बदलावा. आणि पुढचा दांडा जोडायला बसताना त्या पोराला शेजारी बसवून त्याच्या खांद्याच्या उंचीचं माप घ्यावं.