पुन्हा निघालेला शिक्षक

परदेशात शिकवायला जाणाऱ्या माणसाविषयी आपली मते ठरलेली असतात. पहिल्यांदा निघाला की कौतुक, कायमचा परतला की दुप्पट कौतुक. अडचण होते ती तिसऱ्याच माणसाची. तो परत येतो, वर्ष-दोन वर्षे इथे राहतो, एखाद्या विभागात शिकवतो, विद्यार्थी त्याच्याभोवती जमू लागतात, घरही त्याच्या असण्याला सरावते. आणि मग तो तिकडच्या विद्यापीठात रुजू व्हायला पुन्हा निघतो. या वेळी हार-तुरे नसतात. ‘जायचेच होते तर आलात कशाला?’ हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण तो वातावरणात असतो. अशा माणसाचे मोजमाप करायला आपल्याकडे मापच नाही, असे मला वाटते. शिक्षकाच्या स्थलांतराचा विचार गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बराच पुढे सरकला. पण त्यातली प्रत्येक कल्पना पहिल्या प्रस्थानाकडे पाहून घडवलेली आहे. दुसरे प्रस्थान ही वेगळी कृती आहे, आणि तिला वेगळा प्रश्न विचारायला हवा.

महाराष्ट्रातली यातली सर्वांत जुनी कल्पना म्हणजे शपथेची. 1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. सोसायटीच्या आजीव सदस्याने तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे संस्थेला द्यायची, असा दंडक होता. र. पु. परांजपे 1899 साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. सरकारी नोकरीत मोठ्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. ते फर्ग्युसनमध्ये आले आणि 1902 पासून प्राचार्य झाले. या कल्पनेत परदेश हा शिकून यायचा मुलूख होता, शिकवायला जायचा नव्हे. तिचे बळ उघड आहे. आपला शिक्षक पुढच्या वर्षीही याच वर्गात असेल, हे विद्यार्थ्याला ठाऊक होते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. शपथ वर्षे मोजते, त्या वर्षांत काय उभे राहिले हे मोजत नाही.

याच फर्ग्युसनमध्ये या कल्पनेला छेद देणारा माणूस शिकवत होता. धर्मानंद कोसंबी 1876 साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मले. बुद्धाच्या धर्माचा शोध घ्यायचा म्हणून 1899 साली पत्नी आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरून सात वर्षांनी ते गोव्याला परतले. पुढे कलकत्त्यात पाली शिकवत असताना सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावे आणि लिहावे. कोसंबींनी ते पत्करले आणि कलकत्ता सोडले. म्हणजे आपल्या भाषेच्या मुलखात राहण्याचे मोल त्यांना कळत नव्हते असे नाही. तरीही 1910 साली ते हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम त्यांच्या निधनाने अपुरे राहिले होते, ते पुरे करायला पाली जाणणारा माणूस हवा होता. 1912 ला परत येऊन त्यांनी सहा वर्षे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. मग 1918 ते 1922 पुन्हा हार्वर्ड. परतल्यावर गुजरात विद्यापीठ. 1926-27 मध्ये तिसऱ्यांदा आणि 1931-32 मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड. मध्यंतरी लेनिनग्राडलाही शिकवून झाले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही झाला.

जाऊन-येऊन राहणाऱ्या या माणसाला आजीव सदस्याच्या मापाने मोजले तर तो उणा भरतो. सहा वर्षे म्हणजे वीस वर्षांचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. पण त्या सहा वर्षांत काय झाले ते पाहावे. पुण्यात पालीचा वर्ग उभा राहिला आणि त्यातून पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, चिंतामण वैजनाथ राजवाडे यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. कोसंबी गेल्यानंतर फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणाऱ्यांत बापट होते. पुढे तेही हार्वर्डला गेले, 1932 साली तिथली डॉक्टरेट घेऊन परतले आणि पुन्हा शिकवू लागले. कोसंबींची जागा रिकामी झाली, पण विषय बंद पडला नाही. दुसऱ्या टोकाचे कामही वाया गेले नाही: ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती 1940 साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली आणि हार्वर्डची आवृत्ती 1950 साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, निघाली. माझा सगळा युक्तिवाद या उदाहरणावर उभा आहे असे नाही. पण कोणते माप शोधायचे, याचा अंदाज यातून येतो.

स्वातंत्र्यानंतर शपथेची जागा जमाखर्चाने घेतली. त्याची भाषा मात्र आली ब्रिटनमधून. 1963 साली रॉयल सोसायटीने ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेकडे वळत असल्याचा अहवाल दिला आणि ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाला. पाच वर्षांनी या विषयावर निघालेल्या एका ग्रंथात दोन अर्थशास्त्रज्ञ समोरासमोर उभे राहिले. हॅरी जॉन्सन यांचे म्हणणे, की माणूस जिथे जास्त उपयोगी पडेल तिथे गेला तर जगाचे भलेच होते. राष्ट्राच्या वहीत तोटा लिहिणे ही संकुचित दृष्टी आहे. डॉन पॅटिंकिन यांचे म्हणणे, की जगाच्या एकूण भल्यात गरीब देशाचा वाटा कोण पाहणार? मजा अशी, की जॉन्सन मूळचे कॅनडाचे आणि त्या काळी लंडन व शिकागो अशा दोन ठिकाणी प्राध्यापक होते. पॅटिंकिन शिकागोत जन्मले आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात जाऊन राहिले. दोघांचा वाद दोघांच्या आयुष्यात आधीच झालेला होता. मात्र दोघांच्याही हिशेबात माणूस एकदाच सीमा ओलांडतो: गेला म्हणजे वजा, आला म्हणजे अधिक.

हा हिशेब किती अपुरा आहे, ते भारतातच दिसले. हरगोविंद खोराना 1949 साली परदेशातून मायदेशी आले, त्यांना काम मिळाले नाही, आणि पुढच्या वर्षी ते केंब्रिजला गेले. 1968 साली नोबेल मिळाले तेव्हा ‘गमावलेला शास्त्रज्ञ’ म्हणून हळहळ झाली. परंतु तो एकदा परत आला होता, ही गोष्ट त्या हळहळीत फारशी आली नाही. 1958 साली सीएसआयआरने परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी ‘पूल’ सुरू केला. कायमची जागा मिळेपर्यंत तात्पुरती सोय, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती 1961 साली परतले, भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी शिकवले आणि 1968 साली एमआयटीत गेले. पुन्हा निघालेल्या याच शिक्षकाने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला असे सुचवले, की गरीब देशांतून गेलेल्या व्यावसायिकांच्या परदेशातल्या उत्पन्नावर काही वर्षे जादा कर लावावा आणि तो पैसा गरीब देशांच्या विकासाला द्यावा. तो कर आजवर लागलेला नाही. पण त्यातली कल्पना महत्त्वाची आहे. जाणाऱ्याला अडवू नये आणि त्याचे देणेही माफ करू नये. पुढे भगवतींनीच सीमा बंद करण्यापेक्षा परदेशस्थ समाजाशी नाते राखणारे धोरण बरे, असे मांडले. म्हणजे एकाच माणसाच्या विचारात तोट्याची कल्पना नात्याच्या कल्पनेपर्यंत आली.

शतक उलटता उलटता तिसरी कल्पना रूढ झाली, ती म्हणजे अभिसरणाची. ॲनाली सॅक्सेनियन यांनी 2006 सालच्या पुस्तकात दाखवले, की सिलिकॉन व्हॅलीतले तैवानी, इस्रायली, भारतीय अभियंते दोन्हीकडे ये-जा करतात आणि त्यातून दोन्हीकडे उद्योग उभे राहतात. सरकारी योजनांनी ही कल्पना उचलली. ‘ज्ञान’ योजना 2015 साली आली, ‘वज्र’ 2017 साली. ‘वज्र’मध्ये परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापकाने वर्षातून एक ते तीन महिने इथल्या संस्थेत येऊन काम करावे अशी आखणी होती. येण्या-जाण्यातले पाप या कल्पनेने धुऊन काढले, हे तिचे श्रेय. पण उद्योगाचे माप वर्गाला जसेच्या तसे लागत नाही. हिंजवडीतली कंपनी कॅलिफोर्नियातून फोनवर आणि तिमाही दौऱ्यावर चालू शकते. पीएचडीचा विद्यार्थी तिसऱ्या प्रकरणात अडतो तेव्हा त्याला त्या आठवड्यात गाइड हवा असतो. गाइड परदेशी गेला, की विद्यार्थ्याच्या हाती उरतो मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज; नव्या मार्गदर्शकाकडे जागा आहे का, विषय त्याच्या क्षेत्रातला आहे का, मुदतवाढ मिळेल का, अशी टेबले पालथी घालता घालता वर्ष जाते. अभिसरणाच्या आकडेवारीत हे वर्ष कुठेच दिसत नाही.

दुसरे प्रस्थान वेगळे ठरते ते इथेच. पहिल्यांदा जाणारा बहुधा विद्यार्थी असतो; त्याच्यावर कोणी अवलंबून नसते, निदान वर्गात तरी नाही. त्याचे ऋण मागचे असते: आई-वडिलांचे, गुरुजनांचे, करदात्यांचे. दीर्घकाळ परत येऊन राहिलेल्या शिक्षकाने मात्र त्या मुक्कामात नवी देणी स्वतःहून अंगावर घेतलेली असतात. अभ्यास मंडळावर बसून त्याने एखादा पेपर नव्याने बसवलेला असतो, आणि तो पेपर त्याच्याशिवाय कोणाला शिकवता येत नाही. दोन-चार जणांनी त्याच्या भरवशावर विषय निवडलेला असतो. म्हणून त्याला विचारण्याचा प्रश्न ‘देशाचे ऋण फेडलेस का?’ एवढा मोठाही नाही आणि ‘जायचा हक्क माझा आहे’ या उत्तराने मिटण्याइतका छोटाही नाही. तो नेमका आहे: मुक्कामात जे सुरू केले, ते मागे कोण चालवणार? कोसंबींच्या बाबतीत याला उत्तर होते. उत्तर असेल तर दुसरे प्रस्थान निर्दोष आहे, मग मुक्काम सहा वर्षांचा असो की एका वर्षाचा. उत्तर नसेल तर शेकडो व्याख्याने देऊनही काही तरी मोडून ठेवले, असेच म्हणावे लागेल.

यावर पहिला आक्षेप असा, की ही पळवाट आहे. सरकारी खर्चाने शिकलेल्या माणसाने एक-दोन शिष्य तयार केले की हिशेब मिटला का? मिटला नाही, पण तो पैशाचा हिशेब आहे आणि पैशाने मिटवता येतो. भगवतींच्या सूचनेचा आशयच तो होता. वर्गाचा हिशेब पैशाने मिटत नाही, म्हणून तो आधी मांडावा लागतो. दुसरा आक्षेप घरच्यांचा, आणि तो जास्त खरा आहे. वर्ग दुसऱ्याच्या हाती देता येतो, म्हातारपण देता येत नाही. लांबलेल्या मुक्कामाने आई-वडिलांना सवय लावली, आणि ती सवय मोडताना मागे राहिलेल्या भावंडावर, बहुधा बहिणीवर किंवा सुनेवर, भार पडतो. यावर माझ्याकडे समाधानकारक तोड नाही. एवढेच म्हणता येईल, की इथेही प्रश्नाचा आकार तोच आहे: मागे कोण, आणि त्याला विचारले होते का? धर्मानंदांच्या पहिल्या गृहत्यागात त्यांच्या पत्नी बालाबाईंना कोणी विचारले नव्हते. ज्ञानाच्या ओढीने ते क्षम्य ठरवायची आपली सवय आता सोडायला हरकत नाही. तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. ऑनलाइन शिकवता येत असताना जाण्या-राहण्याचा फरक काय उरला? 2020 नंतरच्या काळाने दाखवले, की व्याख्यान पडद्यावरून पोचते. प्रयोगशाळा आणि विभागातले रोजचे भांडण पोचत नाही. शिक्षक घडतो तो बराचसा त्या भांडणात.

तरीही सगळा भार एकट्या जाणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे बरोबर नाही. महाराष्ट्रात कायम जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग चालवायची रीत आता जुनी झाली आहे. सेट-नेट झालेला माणूस तासाला पैसे घेऊन चार कॉलेजे करतो. सुट्टीत त्याचा तास नाही, म्हणून पैसेही नाहीत. परत आलेल्या शिक्षकाने आपला पेपर कोणाच्या हाती द्यायचा? ज्याच्या हाती द्यावा, त्याला पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हेच ठाऊक नसते. वारस तयार करायला वारसाला जागा लागते. 2004 साली राष्ट्रकुल देशांनी शिक्षकभरतीविषयी एक संहिता मान्य केली. शिक्षकाचा स्थलांतराचा हक्क आणि ज्या देशातून तो जातो तिथल्या शिक्षणव्यवस्थेचे हित, दोन्ही तिने जपायचे ठरवले. आणि शैक्षणिक वर्षाच्या मध्येच शिक्षक उचलून नेऊ नये, असाही आग्रह धरला. संहिता बंधनकारक नव्हती, पण राष्ट्राच्या वहीऐवजी वर्गाच्या वेळापत्रकाकडे पाहण्याचे शहाणपण तिच्यात होते. आपल्या विद्यापीठांना तेवढे तरी करता येईल. परत येणाऱ्याला नेमणूक देतानाच त्याच्यासोबत एक कायम, तरुण सहशिक्षक नेमावा, पेपर दोघांनी मिळून बसवावा, गाइडसोबत सहमार्गदर्शक पहिल्या दिवसापासून असावा. पाहुणा किती दिवस राहील याची मग फारशी काळजी उरणार नाही.

हे माप मान्य केले, तर त्याची एक गैरसोयीची बाजूही मान्य करावी लागते. ते फक्त जाणाऱ्यालाच लागू होत नाही. तीस वर्षे एकाच विभागात राहून, एकाच पिवळ्या पडलेल्या वहीवरून शिकवून, मागे विषय सांभाळणारा एकही माणूस न ठेवता निवृत्त झालेला प्राध्यापक परदेशी गेला नाही एवढेच. जागा त्यानेही रिकामीच ठेवली. निष्ठेचा पुरावा म्हणून आपण त्याचे राहणे दाखवतो आणि पुन्हा निघालेल्याचे जाणे आरोपपत्रात घालतो. वारस कोण, हा प्रश्न दोघांनाही विचारायला हवा, आणि राहणाऱ्याला तो आधी विचारायला हवा. कारण उत्तर तयार करायला त्याच्याकडे वेळ जास्त होता.