एक लेक वजा

मॉरिसव्हिल हे नॉर्थ कॅरोलायनातलं तीसेक हजार वस्तीचं गाव. रिसर्च ट्रँगल पार्क शेजारीच असल्यामुळे आपली माणसं इथे इतकी, की चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर क्रिकेट रंगतं आणि भाऊबीज शनिवार-रविवार बघून मानलेल्या भावांबरोबर का होईना, पण होतेच.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेजारणीने मला आणि माझ्या बायकोला साक्षीदार म्हणून नोटरीकडे नेलं. तिचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. सांगली जिल्ह्यातली जमीन आणि घर यांतला आपला हिस्सा भावासाठी सोडायचा, म्हणून तिला कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. नोटरीने ओळखपत्र पाहिलं, सही स्वखुशीने करताय ना, असं विचारलं. ती ‘हो’ म्हणाली. आता त्या कागदावर रॅली शहरातल्या सरकारी कार्यालयातून अपोस्टिलचा शिक्का घ्यायचा, मग कागद कुरियरने पाठवायचा आणि तिकडे मुखत्याराने दुय्यम निबंधकापुढे हक्कसोडपत्र नोंदवायचं. दोन देशांची सरकारी यंत्रणा एवढ्या शिस्तीने राबली, ती वडिलांच्या मिळकतीतून एक लेक वजा करण्यासाठी.

याच बाईंचं मॉरिसव्हिलमधलं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे. तिच्या सहीशिवाय नवऱ्याला ते विकता येत नाही. हे ऐकून ‘अमेरिकेची संस्कृतीच वेगळी’ म्हणण्याची आपल्याला घाई होते. पण याच राज्यात १९८२ संपेपर्यंत दोघांच्या नावे असलेल्या घराचा ताबा आणि भाडं एकट्या नवऱ्याच्या हाती असे. १ जानेवारी १९८३ पासून कायदा बदलला. आमच्या गल्लीतल्या आज्या लग्न करून आल्या त्या जुन्या कायद्याखाली. त्यांच्या नातींना ते सांगितलं तर खरं वाटत नाही. चाळीस वर्षांत कायदा इतका मुरला, की तो कायदा आहे हेच लोक विसरले.

आपल्याकडे उलटही घडलं आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राच्या अकरा वर्षं आधी. अभिमान वाटावा असंच ते पाऊल होतं. पण त्यात एक पाचर होती : त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. का नाही? कारण ‘दिल्या घरची झाली, आता ती परकी’ हे कायदा लिहिणाऱ्यांच्याही मनात होतं. म्हणीने कायद्यात आपली ओळ घुसवली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती खोडली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं, हे आठवलं म्हणजे वाट किती लांबची होती ते कळतं.

कायद्याने दार उघडलं, तेव्हा रूढी खिडकीतून आत आली. हक्क नाकारता येत नाही ना? मग तो मागून घ्यायचा. प्रेमाने, डोळ्यांत पाणी आणून, ‘ताई, तुला काय कमी आहे तिकडे?’ म्हणत. सही झाली की साडीचोळीवर बोळवण.

या प्रथेच्या बाजूने जे बोललं जातं, ते मी स्वतःही बोललेलो आहे. लग्नात खर्च केला, हे त्यातलं सगळ्यात लंगडं. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्शातून कुणी कापला होता? जमिनीचे तुकडे होतील, हे दुसरं. तीन भाऊ असले तर तुकडे होतातच, तेव्हा धाकट्याला कुणी हक्क सोडायला सांगत नाही. खरं वजन आहे ते तिसऱ्या मुद्द्याला : आई-वडिलांना भावाने सांभाळलं. आम्ही इथे बसून व्हिडिओ कॉलवर तब्येत विचारत होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सांभाळलं कुणी? पथ्याचं जेवण, अंथरूण, औषधाच्या वेळा कुणाच्या हातून झाल्या? बहुतेक घरांत वहिनीच्या. सेवेचं मोल जमिनीने चुकवायचं असेल, तर सातबाऱ्यावर तिचं नाव का लागत नाही?

‘तुला काय कमी आहे’ हेही तपासून बघावं. इथून असे कागद करून देणाऱ्या कितीजणी नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आल्या. पदव्या सुटकेसमध्ये आणि नोकरीला मनाई. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीनकार्ड ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तर. म्हणजे इथल्या कायद्याने जिला नवऱ्यावर अवलंबून ठेवलं, तिच्याकडूनच तिकडची रूढी माहेरचा आधार सोडवून घेते. उद्या संसार मोडला तर तिने कुठल्या अंगणात उभं राहायचं?

स्वखुशी ओळखायची एक साधी खूण आहे. ‘नाही’ म्हटल्यावरही गौरीला, दिवाळीला बोलावणं येणार असेल, तर ‘हो’ खुशीचं. येणार नसेल, तर नोटरीने कितीदाही विचारावं. म्हणून माझं म्हणणं एवढंच : वडील गेले की वारसनोंदीत सगळ्या लेकींची नावं आधी लागू द्या, भावांनी स्वतः तलाठ्याकडे जाऊन ती लावावीत. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी एखादीला आपण होऊन द्यावंसं वाटलं, तर बक्षीसपत्र आहेच. हातात आलेलं देणं आणि येण्याआधी सोडणं, यांत फरक आहे.

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मला ठाऊक आहे. फलटणजवळच्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे. पंधरा वर्षांपूर्वी आक्काने सही केली, तेव्हा मी इथे घर घेण्याच्या गडबडीत होतो. त्या कागदाकडे मी नीट पाहिलंही नाही. नोंदलेलं हक्कसोडपत्र मला एकट्याला पुसता येत नाही, तिचा हिस्सा परत करायचा तर बक्षीसपत्र करावं लागेल, असं वकील म्हणाले. शेजारणीच्या कागदावर साक्षीदाराची सही करून आलो, त्या रात्री आक्काला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

‘आक्का, जमिनीच्या कागदाचं जरा बोलायचं होतं,’ मी म्हटलं.

‘अजून कुठं सही राहिलीय का रे?’ ती म्हणाली. ‘पाठवून दे, करते.’