व्रत एकाचे, वाटा दोघांचा

दान करावयाचे ते आपल्या मालकीच्या वस्तूचेच करावे, हा नियम सर्व धर्मांस मान्य आहे. शेजाऱ्याची गाय दान देऊन पुण्य जोडू पाहणाऱ्यास कोणी दानशूर म्हणत नाही. पण दान वस्तूचे नसून आयुष्याचे असले, म्हणजे हा सोपा नियम आपण सहज विसरतो. जो पुरुष आपला सारा वेळ धर्मसेवेस वाहतो, त्याच्या वेळेत त्याच्या पत्नीचा व मुलांचा काही वाटा असतो की नाही? आणि असल्यास, तो त्याने कोणास विचारून दिला?

हा प्रश्न आम्हांस पडला तो यवतमाळ जिल्ह्यात. या जिल्ह्याचा ख्रिस्ती धर्मशिक्षणाशी जुना संबंध आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था १९५३ साली यवतमाळास सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यास गेली. याच जिल्ह्यातील एका गावी पाळकांचे व मंडळीच्या पुढाऱ्यांचे तीन दिवसांचे शिबिर भरले होते. नित्याच्या कामापासून दूर राहून प्रार्थना, मनन व संवाद करावा, हा त्याचा उद्देश. आणि प्रत्येकाने सपत्नीक यावे, असा आग्रह होता. एका पाळक-मित्राच्या निमंत्रणावरून आम्हीही सपत्नीक गेलो. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नव्हे. श्रोते म्हणून मागे बसलो.

पाळकाचे काम घड्याळावर चालत नाही. मध्यरात्री आजाऱ्याकडून बोलावणे येते; नापिकीने खचलेल्या घरी जाऊन नुसते बसून राहावे लागते. मागे दाराशी जो येईल त्यास पाणी, चहा व धीराचे दोन शब्द देण्याचे काम पाळकीणबाईंचे. या कामास वेतन नाही आणि नावही नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी, आपणांस सेवेचे पाचारण कसे झाले ते प्रत्येकाने सांगावे, असे ठरले. पुरुष भरभरून बोलले. एका वृद्ध पाळकांनी आपले सांगून झाल्यावर पत्नीकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "पाचारण यांना झालं. माझं तर लग्न झालं." सभेत हशा पिकला, बाई मात्र हसल्या नाहीत. पाळक काही वेळ स्तब्ध राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "खरंच, मी तुला कधी विचारलंच नाही. आता विचारू?" बाई म्हणाल्या, "विचारा. पण उत्तर लगेच मागू नका."

यावर कोणी म्हणेल की, विवाहातच ही संमती आली. पत्नीस सहधर्मचारिणी म्हणतात ते याचसाठी. पण धर्म सह आचरावयाचा, तर तो आधी दोघांचा ठरला पाहिजे. हरिश्चंद्राच्या कथेत वचन राजाचे, आणि विकली गेली तारामती. सत्त्व कोणाचे राहिले, हे आपण मुलांस सांगतो. किंमत कोणी दिली, हे ओघात सांगून पुढे जातो. ख्रिस्ती ग्रंथांतही निराळे नाही. येशूने पेत्राच्या सासूचा ताप घालविल्याची कथा शुभवर्तमानांत आहे. म्हणजे पेत्र विवाहित होता. पण जाळी टाकून तो निघाला तेव्हा त्याची पत्नी काय म्हणाली, हे तेथे नाही; तिचे नावही नाही. उलट अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याची नावे नव्या करारात जोडीनेच येतात, आणि काही ठिकाणी पत्नीचे आधी. दोन्ही नमुने एकाच ग्रंथात आहेत.

तथापि एक आक्षेप खरोखरच बलवान आहे. सदसद्विवेकबुद्धीने पत्नीच्या अनुमतीची वाट पाहत थांबावे काय? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो लक्ष्मीबाईंस विचारून नव्हे. पुढील काही वर्षांच्या ताटातुटीत लक्ष्मीबाईंनी काय सोसले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊकच आहे. टिळकांनी थांबावयास हवे होते, असे आम्ही म्हणणार नाही. मत ज्याचे त्याचे असते; त्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु त्या मतापायी दुसऱ्याने जे सोसले, ते आपल्या त्यागाच्या खात्यावर जमा धरता येत नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, तोही जातिभेदाविषयी स्वतः विचार करून मन वळल्यावर. टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. एवढे मोठे काम केवळ लादलेल्या व्रताच्या बळावर पार पडत नाही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, व्रत एकट्याने घ्यावे लागले तरी वाटा दोघांचा आहे हे कबूल करावे आणि विचारावे. आणि विचारावे ते असे की, समोरच्यास 'नाही' म्हणता यावे. 'नाही' ज्यात संभवतच नाही, तो प्रश्न नव्हे. ती नम्र शब्दांतील आज्ञा होय.

परतीच्या वाटेवर आम्ही हे विचार मोठ्या उत्साहाने पत्नीस ऐकवीत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "आणि आपल्याकडे?"

आम्हांस उत्तर सुचेना. तीस वर्षे आमच्या घरी विद्यार्थी वेळी-अवेळी येत आले आहेत. आमचे दार त्यांस सदैव उघडे, असा आमचा लौकिक आहे आणि त्याचा आम्हांस अभिमानही आहे. पण दार उघडण्यास बहुधा उठली ती पत्नी. आणि तिचे शिक्षण अपुरे राहिले, हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो. आम्ही धर्मसेवक नव्हे, पण दुसऱ्याची गाय दान देण्यात आम्हीही मागे नव्हतो.

आम्ही तीस तेथेच विचारले. "विचार करून सांगते," एवढेच ती म्हणाली. याला आता महिना झाला. उत्तर आलेले नाही. आणि तगादा लावण्याचा अधिकार आम्हांस नाही, इतके तरी आम्ही त्या शिबिरातून शिकून आलो आहो.