उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

बाजारात आपण भाजीचा भाव विचारतो, तो ठाऊक नसतो म्हणून. वर्गात मात्र आम्ही शिक्षक पोपटाला विचारावे तसे विचारतो. ‘या पाठातून काय बोध घ्याल?’ असे म्हणून पाठमोरे व्हायचे, नि बोध फळ्यावर आपणच लिहायचा!

काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना मी ‘श्यामची आई’तले पोहण्याचे प्रकरण रविवारी घरी वाचून यायला सांगितले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक वाचकांना मी काय सांगावे? श्याम पोहायला भितो, लपून बसतो. आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. आणि मागाहून त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात.

सोमवारी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी हजेरीलाही जेमतेम ‘हजर’ म्हणणारी. म्हणाली, “सर, ती नंतर रडली, म्हणून आधीचे मारणे चांगले झाले का?”

“अगं, आईची माया असते ती,” मी म्हणालो. ती खाली बसली. फळ्यावर मायेचे वाक्य उमटले. चाचणीत तिने ते जसेच्या तसे उतरवले आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले. ते गुण मला अजून बोचतात. ती श्यामच्या आईविषयी विचारत होती की आणखी कुणाविषयी, हे मला कळले नाही. कळावे म्हणून मी काही केलेही नाही.

मला भीती वाटली होती ती पुस्तकाचा अवमान होईल याची. वास्तविक पुस्तक माझ्याहून धीट आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री आठवणी सांगतो, अशा त्या ४२ रात्री. आणि सोबती मध्येच बोलतात, विचारतात. मग मी इतकेच विचारायला हवे होते : हे कोण सांगतो आहे? कृतज्ञ झालेला मोठा श्याम. मार खाल्लेल्या पोराला त्याच दुपारी विचारले असते, तर तो काय म्हणाला असता? म्हणजे त्या मुलीला आईला दोष द्यावा लागला नसता, आणि आपली शंका गिळावीही लागली नसती.

‘अशाने पोरे वाटेल ते बोलतील,’ असे माझे एक सहकारी म्हणतात. बोलू द्यावे, मात्र ‘हे कुठल्या ओळीवरून म्हणतोस?’ असे लगेच विचारावे. त्या मुलीजवळ ओळ होती. माझ्याजवळ बोध होता. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या छडीला बंदी केली आहे. त्यानंतर शाळेत आलेले मूल शिंपटीपाशी अडखळणारच, आणि ते अडखळणे हेही वाचनच की!

पुढल्या वर्षी तेच प्रकरण दिले. तिचाच प्रश्न मी वर्गाला विचारला आणि खुर्चीवर बसून राहिलो. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एकाने हात वर केला.

“सर, उत्तर लिहून घ्यायचे का?”

‘नको’ म्हटले. पण तोवर अर्ध्या वर्गाने वहीत तारीख घालून समासही आखला होता.