नेत्रांचे नित्यकर्म

आपल्या शास्त्रकारांनी कर्माची वाटणी करताना, जे कोणत्याही कारणाची वाट न पाहता ठरल्या वेळी करायचे त्याला नित्य म्हटले, जे काही घडले तरच करायचे त्याला नैमित्तिक म्हटले, आणि फळाची इच्छा धरून जे केले जाते त्याला काम्य. ग्रहण लागले म्हणून केलेले स्नान नैमित्तिक. आणि मन लागो वा न लागो, घरात सुख असो वा दुःख असो, सांजवेळ झाली की करायची ती संध्या नित्य. आमच्या रत्नागिरीत 23 जुलै 1856 रोजी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात ही वाटणी सांगितली आहे, आणि येथून वीसेक किलोमीटरवर पावसला स्वामी स्वरूपानंदांनी ज्या ज्ञानेश्वरीला अभंगाचे रूप दिले, तिच्या अठराव्या अध्यायातही नित्य-नैमित्तिकाचा विचार आहे. परंतु नित्य या शब्दात शास्त्राने जे साठवले, ते आपण देवघराच्या उंबऱ्याबाहेर फारसे येऊ दिले नाही. देहापर्यंत ते क्वचित पोचले आणि डोळ्यांपर्यंत तर मुळीच नाही, असे मला फार वर्षे वाटत आले आहे.

आपल्याकडे डोळ्यांकडे पाहणे हे निव्वळ नैमित्तिक असते. भातकापणीत पात डोळ्याला लागली, मिरकरवाड्याच्या बंदरावर उन्हापाण्यात वावरणाऱ्या एखाद्याच्या बुबुळावर मांस वाढत आले, साथीत डोळे आले, सुईत दोरा जाईनासा झाला, की मगच डॉक्टरांची आठवण. आणि कोकणात या निमित्तालाही आणखी एक निमित्त लागते, ते म्हणजे मुंबईच्या मुलाची रजा. ‘गणपतीला येतील तेव्हा बघू’, गणपतीत पाहुणे आणि आरत्या, म्हणून ‘शिमग्याला बघू’, आणि शिमग्यात पालखी घरी यायची असते. कोणी आग्रह केलाच तर ओटीवरचे आबा शांतपणे एकच वाक्य बोलतात, ‘अरे, मला दिसतंय की सगळं!’ या वाक्यापुढे घरातले सगळे गप्प होतात, कारण ते खरे असते. आबांना दिसत असतेच. प्रश्न असा की दिसणे हा डोळे निरोगी असल्याचा पुरावा होतो का. आणि नित्य या शब्दाची खरी गरज तेथूनच सुरू होते.

प्रत्येक रोग आपले निमित्त घेऊन आला असता, तर नैमित्तिकावर भागले असते. मोतीबिंदू तसा सरळ वागतो. तो भिंगाला हळूहळू गढूळ करतो, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकलेला दिसतो, रंग मळकट होतात, आणि माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वाचे 66.2 टक्के कारण मोतीबिंदूच निघाले, हे खरे. पण हे अंधत्व परतवता येते. 1949 मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले, त्यानंतर हे शास्त्र इतके पुढे गेले की आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होते आणि जिल्हा रुग्णालयात ते विनामूल्यही होते. येथे एकच जुनी समजूत आड येते, ‘अजून पिकला नाही, पिकू द्या’. पिकण्याची वाट पाहायचा काळ केव्हाच सरला. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते, आणि काही वेळा तो डोळ्याचा दाबही वाढवतो.

काचबिंदू मात्र निमित्त देत नाही. त्याचा एक प्रकार डोळा लाल करून, कपाळ ठणकवून, उलट्या करवून, दिव्याभोवती रंगीत वलये दाखवून येतो, आणि त्या रात्रीच दवाखाना गाठावा लागतो. पण आपल्याकडे त्याहून कितीतरी अधिक जणांना होतो तो दुसरा, ज्यात वेदना नाही, लाली नाही, पाणी नाही. डोळ्यातला द्रव वाहून जाण्याची वाट मंदावते, आतला दाब वाढतो, आणि नेत्रातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे धागे एकेक करून मरत जातात. नजर कडेकडून जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून तक्त्यावरची खालची ओळ वाचणारा माणूसही आतून बराच गमावून बसलेला असू शकतो. त्यातून दोन डोळे एकमेकांची उणीव झाकतात, आणि उरलेली पोकळी मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. जांभ्याच्या विहिरीतले पाणी फाल्गुनापासून उतरत असते, पण पोहरा भरून वर येतो तोवर आत डोकावून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही, तसेच हे. आपण हे वाचत आहात, तर आत्ताच एका डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहा, मग दुसऱ्यावर ठेवून पाहा. एका डोळ्याचे उणे दुसऱ्याने किती दिवस झाकले होते, हे असे बसल्या जागी कळलेली माणसे पुष्कळ आहेत. अर्थात यात काही न आढळणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, कारण कडेची झीज या खेळात सापडत नाही. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. ज्या रोगाला निमित्त नाही, त्याला नित्यानेच पकडावे लागते.

मधुमेहाचेही तेच. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, फुगतात, बंद पडतात. परंतु पडद्याचा मधला बिंदू सुटलेला असेल तोवर वाचन उत्तम चालते. मंडालेच्या कारावासात लोकमान्यांनाही मधुमेहाने ग्रासले होते. त्यांचे देहावसान 1 ऑगस्ट 1920 रोजी झाले, आणि माणसाला इन्शुलिन पहिल्यांदा दिले गेले ते जानेवारी 1922 मध्ये, टोरांटोत. त्या काळी आहार सांभाळण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आज साखर आवरता येते, रक्तदाब आवरता येतो, पडद्यावर लेझर करता येतो, डोळ्यात इंजेक्शन देऊन सूज उतरवता येते. हे सारे असताना केवळ ‘दिसतंय की’ म्हणून पाच-पाच वर्षे पडदा न दाखवणे, याला मी दैव म्हणायला तयार नाही.

आता नित्य या शब्दाचा आणखी एक पदर. नित्यकर्माचे वैशिष्ट्य मीमांसकांनी असे सांगितले की ते केल्याने वेगळे फळ मिळत नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. दवाखान्यातल्या बाकावर बसून हे वचन मला जितके उमगले तितके ग्रंथात उमगले नव्हते. सिस्टर येतात, ‘आजी, वर बघा’ म्हणतात, खालची पापणी बोटाने ओढून थेंब टाकतात, ‘मिटून बसा, उघडायचे नाहीत’ असे दटावतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. बाहुली मोठी होते, हातातल्या केसपेपरवरचे स्वतःचे नाव धूसर होते, दारातून येणारा उजेड सहन होईनासा होतो. मग आत अंधाऱ्या खोलीत हनुवटी यंत्रावर टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे, आणि डॉक्टर प्रकाशाच्या एका फटीतून थेट नेत्राच्या तळापर्यंत पाहतात; जिवंत माणसाचा हा तळ मनुष्याला नीट दिसू लागला तो हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये त्यासाठीचे उपकरण जगापुढे मांडले तेव्हापासून. दाब मोजतात, मज्जातंतूचे टोक पाहतात, शंका आली तर घुमटाकार यंत्रासमोर बसवून ठिपका चमकला की बटण दाबायला सांगतात. नुसता दाब पाहून भागत नाही, कारण दाब नेमस्त असूनही काचबिंदू होणारी माणसे असतात. आणि एवढे सगळे करून डॉक्टर म्हणतात, ‘सगळं ठीक आहे, पुढच्या वर्षी या.’ बाहेर आल्यावर सूनबाई सासूला म्हणते, ‘काहीच निघालं नाही, उगाच अख्खा दिवस गेला.’ बिचारीचे चुकत नाही, दिवस गेलाच. पण काहीच न निघणे हेच नित्याचे रूप आहे. अभावातून भाव कसा उपजेल, न करण्यातून पाप कसे जन्मेल, असा आक्षेप शंकराचार्यांनी घेतला आहे, आणि तो येथेही लागू पडतो: तपासणी न केल्याने रोग होत नाही. तो आधीच असतो. त्याला आपण बिनबोभाट वाढू देतो, एवढेच.

नित्य सर्वांना सारखे नसते, ते अधिकाराप्रमाणे बदलते. बालकाचा अधिकार शाळेत जाण्यापूर्वीचा, कारण एखादा डोळा आळशी राहिला असेल तर तो सात-आठ वर्षांच्या आतच सहज वळवता येतो, आणि मूल स्वतःहून कधी सांगत नाही, त्याला जग तसेच असते असे वाटते. चाळिशी उलटली की दोन वर्षांनी एकदा, साठीनंतर दरवर्षी. आणि मधुमेह प्रौढपणी जडला असेल तर तो कळला त्याच वेळी, व त्यानंतर दर वर्षी, नंबर बदलो वा न बदलो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे ही तपासणी नव्हे. तेथे तळ पाहत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, आरंभ तेथून करता येतो. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून जाताना कोणाला तरी सोबत न्यावे आणि स्कूटर घरी ठेवावी.

काम्याविषयी, म्हणजे चष्मा घालवण्यासारख्या हौसेविषयी, मला फारसे काही म्हणायचे नाही. निषिद्धाविषयी, म्हणजे जे करूच नये त्याविषयी, म्हणायचे आहे. डोळ्यात मध घालणे, कोणाचे तरी उरलेले औषध घालणे, आणि सर्वांत घातक म्हणजे खाज येते म्हणून मेडिकलमधून मागच्याच नावाची बाटली पुन्हा पुन्हा आणणे. त्यातल्या कित्येक बाटल्यांत स्टेरॉईड असते. त्याने खाज चटकन थांबते, आणि महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात. पात लागलेल्या डोळ्यात ते घातले, तर बुरशीला रानच मोकळे मिळते.

आणि ज्याला काचबिंदू निघाला, त्याच्यासाठी तर नित्य हा शब्द अक्षरशः रोजचा होतो. थेंब ठरल्या घटकेला, जन्मभर, आणि त्यांनी दिसण्यात तिळमात्र सुधारणा होणार नाही हे जाणून. सहा महिन्यांनी पुष्कळांची श्रद्धा येथेच खचते. फरक पडत नाही म्हणून बाटली फडताळात जाते. फरक न पडणे हीच त्या थेंबांची सिद्धी, हे ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांना समजले, त्या घरात थेंब चुकत नाहीत.

शेवटी एक विनंती. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला तो असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. आपल्याकडे दुखणे लपवण्याची, विशेषतः लग्नाच्या मुली घरात असताना, फार सवय आहे. तरी ज्यांना तो निघाला आहे त्यांनी आपल्या सख्ख्या भावंडांना आणि चाळिशीच्या मुलांना, ती मुंबईत असोत की दुबईत, आजच फोन करून सांगावे, आणि डोळ्यांचा तळ दाखवून आल्याशिवाय त्यांना सोडू नये.