हौसेचा गळ

अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. शहागडाच्या काठी गळ टाकून स्वस्थ बसलेला मनुष्य वाचकांस नवा नाही. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून माशाची वाट पाहणे, हा व्यवसाय फार जुना आहे. परंतु पोटासाठी मासा धरणे व करमणुकीसाठी धरणे, ही दोन्ही कृत्ये सारखीच आहेत काय?

ही करमणूक केवळ साहेब लोकांनी आणली असे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद हा राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून वर्णिला आहे. विलायतेत पिसे व दोरा गुंडाळून खोटी माशी बनवितात व तिने ट्राउट आणि सॅमन मासे धरितात. याच शोकासाठी इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ट्राउटची अंडी काश्मिरात आणविली. सॅमन मासा अंडी घालण्यास समुद्रातून नदीत परतला म्हणजे अन्न घेत नाही; तथापि ती खोटी माशी दिसताच तो तिजवर झडप घालितो. येथे माशास भूक नाही आणि पुष्कळदा धरणारासही नाही!

कोणी म्हणेल, "भोई मासा मारितो, हौशी मनुष्य तो पुन्हा पाण्यात सोडितो. मग अधिक दयाळू कोण?" हा आक्षेप हलका नव्हे. जेथे मासे विरळ झाले आहेत, तेथे सोडणे चांगलेच. परंतु माशास वेदना होते, असे २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउटवर प्रयोग करून दाखविले. ज्याने काही अपराध केला नाही त्याचा ओठ प्रथम फोडावा व मग त्यास जीवदान दिले म्हणून समाधान मानावे, ही दया कसली? गळ टाकणारास धीर व शांती लाभते हे खरे. पण ती नदीकाठी नुसते बसल्यानेही लाभतात.

तथापि पोटाचे नाव घेतल्याने सर्व काही क्षम्य होत नाही. डोहात सुरुंगाची दारू उडविणे, विष कालविणे, पावसाळ्याच्या आरंभी गाभोळीने भरलेल्या माद्या धरणे, बोटाएवढी पिलेही सुटू नयेत असे बारीक जाळे लावणे, ही भुकेची कामे नव्हेत, लोभाची आहेत. जो असे करितो तो पुढील वर्षीचे आपल्याच मुलांचे अन्न नासतो.

तेव्हा भेद गळ व जाळे यांत नसून गरज व हाव यांत आहे. गरजेस सीमा असते. हौसेस व लोभास नसते. ज्यास मासा हवा त्याने तो घ्यावा, लागेल तेवढाच घ्यावा, आणि धरिल्यावर त्यास तडफडत न ठेविता लवकर मारावे. आपली मुले नदीवर जातात, त्यांस पोहण्याबरोबर एवढेही शिकवावे.